विषादाची कैफियत

चातुर्मासात लक्ष वातींचा नेम धरलेल्या माझ्या थोरल्या काकूंचे हात ज्या दिवशी थांबले, त्या दिवशी बाहेर श्रावणाच्या पागोळ्या गळत होत्या, आणि देवघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसलेल्या त्यांच्या पुढ्यात पिंजलेल्या कापसाचा ढीग, रक्षेची वाटी आणि शंभराशंभरांच्या बांधून ठेवलेल्या जुड्या असे सारे साहित्य मांडलेले असताना, तळहातावर अर्धी वळलेली वात तशीच धरून त्या कितीतरी वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिल्या होत्या. त्या गोष्टीला आज पन्नासाहून अधिक वर्षे लोटली, पण ती अर्धी वात माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाही. आमचे घर वारकऱ्याचे. तुळशीची माळ दोन पिढ्या गळ्यात असलेले. आजी जवळ येऊन म्हणाली, "अगं, नाम घे. नामानं सगळं निवतं." त्यावर काकू इतक्या हळू बोलल्या की मी खांबाशी उभा नसतो तर मला ते ऐकूही आले नसते: "तेच घेववत नाही हो सासूबाई. ओठ हलतात, पण आत काही होत नाही."

पुढल्या दोन महिन्यांत घरातल्या वडीलधाऱ्यांनी, आल्यागेल्या आप्तांनी आणि एका बहुश्रुत कीर्तनकारांनी मिळून जो निर्णय मुकरर केला, तो असा की वहिनींची श्रद्धा कोठेतरी उणी पडली. निर्णय देणाऱ्यांपैकी एकाचेही मन दुष्ट नव्हते. उलट सर्वांचा काकूंवर जीव होता. परंतु ज्या बाईला पहाटे अंथरुणातून उठणे डोंगर उचलण्यासारखे झाले होते, तिच्या माथ्यावर त्यांनी अजाणतेपणी आणखी एक धोंडा ठेवला: आपण दुःखी आहोत एवढेच नव्हे, तर देवाच्या दरबारात आपण गुन्हेगार आहोत. श्रद्धावंताला विषाद व्हावा काय, आणि झालाच तर तो त्याच्या श्रद्धेच्या उणेपणाचा पुरावा मानावा काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. तो मला केवळ पांडित्याचा वाटत नाही. आपल्याकडे शेकडो घरांत आजही तो कोणा ना कोणा आजाऱ्याच्या उशाशी बसलेला असतो.

ज्या ग्रंथाचा आधार अशा वेळी हटकून घेतला जातो, त्या भगवद्गीतेपासूनच आरंभ करणे योग्य होईल. गीतेच्या प्रचलित पोथ्यांत पहिल्या अध्यायाच्या शेवटी त्याचे जे नाव येते ते अर्जुनविषादयोग असे आहे; म्हणजे ज्या मालिकेत पुढे ज्ञानाला, कर्माला आणि भक्तीला योग म्हटले आहे, त्याच मालिकेत प्रथम स्थानी विषाद बसविला आहे. आणि तो विषाद काही अमूर्त तात्त्विक शंका म्हणून वर्णिलेला नाही. गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, त्वचा जळू लागली, हातातून धनुष्य निसटले, उभे राहवेना, मन भोवंडू लागले, अशी देहाची जी लक्षणे अर्जुन एकामागून एक सांगतो, ती आजच्या एखाद्या मनोविकारतज्ज्ञाच्या खोलीत रुग्णाच्या तोंडून येणाऱ्या तक्रारींहून फारशी निराळी नाहीत. अर्जुन काही अश्रद्ध नव्हता. त्याच्या रथावर लगाम धरून साक्षात त्याचा आराध्य बसला होता. इष्टदेवता हाताच्या अंतरावर असतानाही मनुष्याचे हात गळू शकतात, ही गोष्ट गीताकाराने झाकून ठेवली नाही, उलट तिलाच ग्रंथाचे दार केले.

येथे प्रतिपक्ष उभा राहतो, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. तो म्हणेल की दुसऱ्या अध्यायाच्या प्रारंभीच भगवंताने या अवस्थेला क्लैब्य म्हटले, हृदयाचे क्षुद्र दौर्बल्य म्हटले आणि उठून उभा राहा असे सांगितले. इतकेच नव्हे, तर अठराव्या अध्यायात शोक आणि विषाद यांना न सोडणारी जी धृती, तिची गणना तामस म्हणून केली. मग आम्ही घरातल्या माणसाला "मन घट्ट कर" म्हणून दटावले तर आमचे काय चुकले?

माझे उत्तर त्याच ग्रंथातून येते, आणि ते मला पुष्कळ वर्षांनी, पोथी सावकाश वाचताना सापडले. पहिल्या अध्यायात अर्जुन एवढे बोलतो, पण त्या सबंध अध्यायात श्रीकृष्णाच्या तोंडी, समोर जमलेल्या कौरवांना पाहा, एवढेच एक लहानसे वाक्य आहे. विषादाची सगळी कैफियत संपेपर्यंत तो मधे एक शब्द बोलत नाही. त्यानंतर जो धिक्कार येतो तो अवघ्या दोन श्लोकांचा आहे. आणि त्या धिक्काराचा परिणाम काय होतो? काहीही होत नाही. अर्जुन पुन्हा आपले दुःख सांगतो, मला मार्ग दिसत नाही म्हणतो, इंद्रियांना शोषून टाकणारा हा शोक पृथ्वीचे निष्कंटक राज्य मिळाले तरी जाणार नाही म्हणतो, आणि मी लढणार नाही असे सांगून गप्प बसतो. प्रत्यक्ष भगवंताच्या मुखातून निघालेले "ऊठ" हे बोलदेखील विषण्ण मनुष्याला उठवू शकले नाहीत, हे गीता उघडपणे नोंदवून ठेवते. आणि मग तो गुरू आवाज चढवीत नाही, प्रसन्न मुद्रेने सारथ्याच्या त्याच जागेवर राहून, एका शंकेतून दुसरी निघाली तरी न कंटाळता, अठराव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत बोलत राहतो. शेवटीही तो हुकूम करीत नाही. याचा पूर्ण विचार कर आणि तुला इच्छा होईल तसे कर, असे म्हणतो. आम्ही मात्र त्या दोन श्लोकांचा धिक्कार तेवढा उचलला, आणि त्यापूर्वीचे ऐकणे व त्यानंतरची दीर्घ सोबत पोथीतच राहू दिली.

महाभारतातच याहून घरगुती असे दुसरे उदाहरण आहे. युद्ध संपल्यावर, राज्य हाती आल्यावर, धर्मराज कोसळतो. अर्जुनाचा विषाद युद्धापूर्वीचा; हा विजयानंतरचा, आणि म्हणूनच भोवतालच्या माणसांना न उमगणारा. आता तर सारे मिळाले, मग हा वनात जाण्याच्या गोष्टी का करतो, अशी भावांची आणि द्रौपदीची त्रेधा शांतिपर्वाच्या आरंभी होते. अर्जुन युक्तिवाद करतो, द्रौपदी चिडून बोलते, सगळे आपापल्या परीने त्याला जागे करू पाहतात. त्या गर्दीत एक वाक्य भीमाच्या तोंडी आहे, आणि ते भीमाच्या तोंडी असावे याचे मला फार अप्रूप वाटते. त्याचा आशय असा: व्याधी दोन प्रकारची, शरीराची आणि मनाची, त्या दोहोंचा जन्म एकमेकींतून होतो, आणि एकीवाचून दुसरी आढळत नाही. गदा आणि भूक यांपलीकडे ज्याला ओळखण्याची आपल्याला सवय नाही, त्या भीमाने आपल्या शोकाकुल थोरल्या भावाला पापी म्हटले नाही, व्याधिग्रस्त म्हटले. आमच्या वाड्यात तो एक शब्द कोणी उच्चारला असता तर काकूंचे दोन महिने वाचले असते. 'बाहेरचं काही असेल', 'दृष्ट लागली असेल', 'देवाचं काही राहिलं असेल' असे सगळे बोलले गेले. दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला. आजार हा शब्द मात्र कोणाच्या ओठांवर आला नाही.

पतंजलीच्या योगसूत्रांकडे वळले तर तेथेही हाच क्रम दिसतो. चित्ताला विक्षिप्त करणारे जे नऊ अंतराय त्याने सांगितले आहेत, त्यांत संशय, प्रमाद, आलस्य इत्यादी सर्वांच्या आधी व्याधी आहे. आणि त्या विक्षेपांच्या बरोबरीने येणाऱ्या लक्षणांत दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वासोच्छ्वास ही चार त्याने मांडली आहेत. छातीत धडधड, श्वास अपुरा, हात थरथरणारे आणि मन खिन्न, अशी अवस्था घेऊन येणाऱ्याला योगशास्त्राच्या आद्य सूत्रकाराने ओळखले असते. त्याला तो अभक्त म्हणाला नसता, एवढे मी खात्रीने म्हणतो.

मला अधिक मोलाचे वाटते ते सांख्यांचे विवेचन, कारण तेथे आपल्या प्रश्नाचा नेमका गाभा हाताला लागतो. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेचा प्रारंभ ब्रह्मापासून किंवा जगाच्या उत्पत्तीपासून होत नाही, त्रिविध दुःखाच्या आघातापासून होतो. त्या तिहींतील आध्यात्मिक दुःखाचे भाष्यकारांनी शारीर आणि मानस असे दोन भाग केले. आज आपण आध्यात्मिक म्हणजे काहीतरी उदात्त असे समजतो, आणि समर्थांनी दासबोधात आध्यात्मिक तापाच्या नावाखाली देहाच्या रोगांची भली मोठी यादी दिलेली पाहून नवा वाचक चकित होतो. पण जुना अर्थच तो आहे, आपल्या आत उद्भवणारे दुःख. त्याच पहिल्या कारिकेत एक आक्षेप उपस्थित केला आहे: दुःखावर औषधादिक दृष्ट उपाय असताना तत्त्वजिज्ञासेचा खटाटोप कशाला? उत्तर असे की दृष्ट उपायांनी दुःख खात्रीने जाईल असे नाही, आणि गेलेले पुन्हा येणार नाही असेही नाही. या उत्तराचा लोकांनी विपर्यास केला. दृष्ट उपाय अंतिम नाहीत, या विधानाचा अर्थ दृष्ट उपाय त्याज्य आहेत असा होत नाही. भुकेवर अन्न हा उपाय कायमचा नसतो, संध्याकाळी पुन्हा भूक लागतेच. म्हणून मोक्षार्थी मनुष्य सकाळचे जेवण सोडीत नाही. मोक्षाचा प्रश्न मोठा आहे हे मान्य. पण तो विचारण्यास जे मन लागते ते आधी शाबूत राहिले पाहिजे, आणि ते राखण्यासाठी वैद्याचे दार ठोठावण्यात धर्माची कसलीही हानी नाही. चरकाने चिकित्सेचे तीन प्रकार मानले: दैवव्यपाश्रय, म्हणजे मंत्र, होम, नियमादिक, युक्तिव्यपाश्रय, म्हणजे आहार आणि औषध यांची विचारपूर्वक योजना, आणि सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरणे. तिन्ही एका पंक्तीला बसविली. पहिले केले की उरलेली दोन नकोत, असा भेद त्याने केला नाही. तो भेद आमचा.

आणखी एक गल्लत आहे, आणि ती धार्मिक घरांत विशेष घातक ठरते. जेवणावरची वासना उडालेली, नव्या लुगड्याकडे न पाहणारी, बोलणे टाकलेली बाई पाहून त्या कीर्तनकारबुवांनी वडिलांना सांगितले, "वहिनींना वैराग्य आलंय, भाग्य समजा." वैराग्य आणि विषाद यांची बाहेरची चिन्हे काही काळ सारखी दिसतात, हे खरे आहे, दोहोंतही जग निःसार भासते. परंतु विरक्त मनुष्य हलका होत जातो आणि विषण्ण मनुष्य जड. विरक्ताला दुसऱ्याचे मूल रडताना ऐकू येते, विषण्णाला स्वतःचेही येत नाही, आणि येत नाही म्हणून तो स्वतःला शिव्याशाप देतो. वैराग्यात सोडणारा कोणीतरी असतो. विषादात काही सोडले जात नाही, सारे हातून गळून पडते. तुकोबांच्या आयुष्यात १६३० च्या सुमारास दुष्काळ आला, व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला; आणि परंपरा सांगते की त्यांनी पुढे आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, पण भावाच्या वाट्याची खते त्याची त्याला देऊन टाकली. मला ते भावाचे खत फार बोलके वाटते. ज्याला दुसऱ्याचा वाटा कोठे सुरू होतो हे दिसते, त्याचे ते वैराग्य. जिला स्वतःच्या तान्ह्या नातवाला मांडीवर घेववत नव्हते आणि त्याबद्दल जी रात्ररात्र झुरत होती, तिच्या अवस्थेला त्या नावाने गौरविणे ही तिची क्रूर उपेक्षा होती.

आता धर्माची बाजूही मांडली पाहिजे, कारण आजाराला धर्म काहीच उपयोगी नाही असे म्हणण्याचा माझा मुळीच आशय नाही. आमच्या रीतिरिवाजांनी मनाच्या व्यथेचा जो बंदोबस्त करून ठेवला आहे तो मोठ्या शहाणपणाचा आहे. घरात मृत्यू झाला की चूल पेटत नाही, आणि कोणाला सांगावे लागत नाही, शेजारून पिठलं-भाताचे पातेले झाकून येते. दहा दिवस माणसे येतात, बसतात, गेलेल्याच्या गोष्टी काढतात, रडणाऱ्याला रडू देतात. शोकाला मुदत दिली, जागा दिली, सोबत दिली. वारीत पंधरा-वीस दिवस माणूस दिंडीबरोबर चालतो, गातो, ठरल्या वेळी जेवतो, थकून झोपतो, आणि एकटा असा क्षणभर राहत नाही. मनाला सावरणाऱ्या कितीतरी गोष्टी तेथे नकळत जुळून येतात. पण हा सारा बंदोबस्त ज्या दुःखाला कारण आहे त्याच्यासाठी आहे. ज्या घरात कोणी मेले नाही, नुकसान झाले नाही, आणि तरीही एक माणूस आतून विझत चालला आहे, त्या घरी पिठलं-भाताचे पातेले येत नाही. कारण दाखवता येत नाही म्हणून त्याच्या दुःखाची दाद लागत नाही. काकूंची हीच स्थिती होती: काका हयात, मुले मार्गाला लागलेली, घरात धान्य. "तुला काय कमी आहे?" हा प्रश्न त्यांना दिवसातून चार वेळा ऐकावा लागे, आणि त्याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते.

अशा बंद दारापाशी काय करावे याचा वस्तुपाठ आमच्या संतपरंपरेने एका लहान मुलीच्या हातून घालून दिला आहे. लोकांच्या निंदेने व्यथित होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले आणि बाहेरून धाकट्या मुक्ताबाईने त्यांना आळवले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते. तिच्या त्या विनवणीचे अभंग ताटीचे अभंग म्हणूनच प्रसिद्ध आहेत. ज्यांना आपण माउली म्हणतो त्यांनाही एके दिवशी दार लावून घ्यावेसे वाटले, ही स्मृती परंपरेने पुसली नाही, जपली. आणि मुक्ताबाईने ताटी मोडली नाही. ताटी म्हणजे काही लोखंडी कवाड नव्हे. काटक्या-बांबूंची विणलेली, जोराने ढकलली तर आत पडणारी. तिच्या फटींतून आवाज आत जातो. ती फटीशी उभी राहून बोलत राहिली. त्यातही तिने मोठेपणाची आठवण दिली, अपराधाची नव्हे. समर्थांनी मनाच्या श्लोकांत मनाला प्रारंभीच सज्जन म्हणून हाक मारली, तीही याच जातीची. स्वतःच्या मनाशी बोलतानादेखील आपल्यातल्या किती जणांना ही भाषा सुचते?

आज परिस्थिती पालटली आहे, आणि ती ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगणे मी कर्तव्य समजतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जीव देण्याचा प्रयत्न केलेला मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच गृहीत धरावे, त्याच्यावर खटला भरू नये, आणि त्याची काळजी घेण्याची व्यवस्था सरकारने करावी, असे ठरविले. ज्याला शतकानुशतके पाप आणि पुढे गुन्हा म्हटले गेले, त्याला राज्याच्या दप्तराने अखेर व्यथा म्हटले. आणि २०२२ च्या ऑक्टोबरपासून टेली-मानस या नावाची सरकारी दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला की रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. ज्यांच्या घरी ताटी लागली आहे त्यांनी हा क्रमांक देवघराच्या भिंतीवर, पंचांगाशेजारी लिहून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

आमच्या वेळी यातले काही नव्हते. आश्विनात, आजीचा विरोध पत्करून, वडील काकूंना एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी घेऊन गेले, आणि सोबत पिशवी धरायला म्हणून मला नेले. डॉक्टरांनी प्रथम श्रद्धेविषयी विचारले नाही, घराविषयीही नाही. त्यांनी विचारले, "पहाटे किती वाजता जाग येते?" काकू एकदम त्यांच्याकडे पाहू लागल्या. "कोंबडा आरवायच्या पुष्कळ आधी," त्या म्हणाल्या, "आणि तेव्हाच सगळ्यात वाईट वाटतं. दिवस कलला की जरा बरं." डॉक्टरांनी मान हलवली, जणू ते त्यांना आधीच ठाऊक होते. मग त्याच शांत स्वरात त्यांनी विचारले, "जगूच नये असं वाटतं का?" वडील खुर्चीत चपापले, असा प्रश्न आमच्या घरात कोणी कोणाला विचारला नसता. पण काकूंना दोन महिन्यांत पहिल्यांदा रडू आले, आणि रडतारडता त्यांनी होय म्हटले, आणि मग लक्ष वातींचा नेम मोडल्याचेही सांगितले, जणू दोन्ही गुन्ह्यांची कबुली एकदमच द्यावी. डॉक्टरांनी ते ऐकून घेतले. "देव थांबेल," ते म्हणाले. "गोळ्या मात्र मधेच थांबवू नका. तोंड कोरडं पडेल, त्याला घाबरू नका. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील." वडिलांना बाहेर बोलावून, वहिनींना एकटे सोडू नका आणि गोळ्यांची बाटली तुमच्यापाशी ठेवा, असेही त्यांनी बजावले.

पहिले दोन आठवडे खरोखरच काही झाले नाही, आणि आजीने ते बोलूनही दाखविले. वडील रोज रात्री कुलपातून बाटली काढीत, गोळी काकूंच्या हातावर ठेवीत, आणि मग काही न बोलता त्यांच्याजवळ ओसरीवर अर्धा तास बसत. काकाही येऊन बसू लागले. कार्तिक लागला तेव्हा एका दुपारी मी शाळेतून आलो, तो देवघराच्या उंबऱ्याशी पाट मांडलेला होता. काकूंनी रक्षेत बोट बुडवले, कापसाचा पेळू ओढला आणि वात वळली; थांबल्या; दुसरी वळली. कोणी जवळ गेले नाही. आजी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून पाहत होती. सात वाती झाल्या तेव्हा काकूंनी त्या एका ओळीत मांडल्या, बोटांची रक्षा झटकली आणि म्हणाल्या, "आज एवढ्याच. सासूबाई, चहा टाकता का?"